दंडनायकी अक्काचा वेढा

दसऱ्याच्या बाहुल्या नवरात्रात आमच्या बेंगळुरातल्या गल्लीत घरोघर पायऱ्यांच्या मांडणीवर बसायच्या. आमच्या अक्काच्या बाहुल्या बसत नसत, लढत. इतरांकडे कशा, राजा-राणी वरच्या पायरीवर, खाली पोट सुटलेला शेट्टी नि त्याची बायको, डाळ-तांदळाची चिमुकली पोती, आणि एकदा मांडलं की दसऱ्यापर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. अक्का सगळ्यात खालच्या पायरीपुढं परातभर वाळू पसरायची. तिच्यावर चन्नपट्टणचे लाकडी हत्ती, घोडे, मातीचे शिपाई. रोज सकाळी आंघोळ करून आली की ओल्या केसांनीच उकिडवी बसायची आणि फौज पुढं सरकवायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उसळीचा द्रोण हातात धरून विचारायच्या, "एन अक्का, इवत्तु यारु गेद्द्रु?" म्हणजे आज कोण जिंकलं? अक्का म्हणायची, "अजून कोणी नाही. उद्या या, उद्या डावी बगल फुटणार आहे."

ती माझी थोरली नणंद. आमच्या घरांत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, मग मीही अक्काच म्हणायची. गल्लीनं मात्र तिला नाव दिलं होतं दंडनायकी. कन्नडात दंडनायक म्हणजे सेनापती. नाव ठेवणाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं असेल, पण तिला ते आवडलं. दारावर पोस्टमन "दंडनायकी अक्का इद्दारा?" असं ओरडला तर ती आतून "इद्दारे!" म्हणजे आहेत, अशी ओ द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, एका बाईला हे कुठून आलं? तर सांगते. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर बेंगळुरात आले ते इथलेच झाले. तलवारी गेल्या, कोणी कापडाच्या दुकानात बसलं, कोणी कारखान्यात लागलं. अक्काचे वडील, म्हणजे माझे सासरे, देवळात पुराण सांगायचे, आणि त्यांना देवांपेक्षा लढायांचं वेड. गरुडव्यूह कसा, अर्धचंद्र कसा, मधली फळी मुद्दाम मागं घेऊन दोन्ही शिंगांनी शत्रूला मिठीत कसं घ्यायचं, हे ते उपरण्याची टोकं हलवून दाखवायचे. पुरुष पुढं बसून पेंगायचे. अक्का खांबाआड बसून सगळं गिळायची. शाळा तिची बेतास बात, माझ्यासारखीच. पण कुठल्या राजाची रसद कोणत्या खिंडीत तुटली, हे तिला शेजारणीच्या सुनेच्या माहेरासारखं ठाऊक.

नव्वद सालानंतर केबल आली. गल्लीत पहिल्यांदा आमच्याकडं. रविवारी सकाळी परदेशातलं पैशाचं बॉक्सिंग लागायचं आणि अक्का शेंगांची टोपली घेऊन माझ्याकडं हजर. पडद्यावर दोन धिप्पाड माणसं एकमेकांना बडवताहेत, आणि ही अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बोलतेय. "हा बघ सुमे, पुढचा डावा हात. ही बिनीची तुकडी. मारायला नाही पाठवत तिला, शत्रू कुठं आहे ते चाचपायला पाठवतात. उजवा हात म्हणजे हत्ती. हत्ती उगाच सोडायचा नाही, पिसाळला तर आपल्याच फौजेत शिरतो." दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले की म्हणायची, "तह झाला. दोघांना दम हवाय. पण तह कोण आधी मागतोय ते बघून ठेव, तो हरणार." आणि ती सांगेल तोच हरायचा. आमचे हे चिडायचे, "अक्का, बघू देशील का जरा?" ती म्हणायची, "बघ की. मी काय डोळे धरलेत तुझे?"

डोक्याला टोप घालून खेळतात त्या हौशी बॉक्सिंगला ती फारशी किंमत देत नसे. "ती चकमक. धावत जायचं, चार टोले द्यायचे, मार्क मिळवून परत. हे पैशाचं बॉक्सिंग म्हणजे मोहीम. टोप नाही, फेऱ्या जास्ती. इथं हाणण्यापेक्षा पुरवून लढायला लागतं. पोटात मारलं की लोकांना वाटतं वाया गेलं. अगं, ती रसद तोडणं आहे. माणूस श्वासावर लढतो. बरगडीखाली हाणत राहा, तोंडाला हातही लावू नकोस. आपोआप हात खाली येतात, आपोआप दरवाजा उघडतो."

हसायचो आम्ही. पण हे सगळं ती गंमत म्हणून बोलत नव्हती, हे मला ठाऊक होतं. ती एका माणसासाठी तयारी करत होती. त्या माणसाचं नाव रुद्रप्पा.

अक्काचे यजमान शंकरराव, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, तरुणपणी बॉक्सर होते. रुद्रप्पा त्यांचा जिवलग मित्र आणि उस्ताद. लढतीत फेरी संपली की बॉक्सर ज्या कोपऱ्यात येऊन बसतो, तिथं दाजींची देखभाल रुद्रप्पाच करायचा. आपल्या माणसाला आता झेपत नाही असं दिसलं की कोपऱ्यातून टॉवेल आत फेकायचा, की लढत थांबते. हरतो माणूस, पण वाचतो. एका लढतीत दाजींना डोक्यावर फार मार बसला. स्टुलावर येऊन ते म्हणाले, "रुद्र, टाक टॉवेल." रुद्रप्पा म्हणाला, "अजून एक फेरी." त्या एका फेरीनं दाजी गेले. जीव नाही गेला, बाकी सगळं गेलं. बोबडं बोलायला लागले, सदऱ्याची बटणं लावता येईनात. अक्का लहान पोराला भरवावं तसं नवऱ्याला भरवायची. काही वर्षांनी सुटले बिचारे.

तेराव्याला रुद्रप्पा आला. जेवला. हात धुऊन, मिशी पुसून चारचौघांत म्हणाला, "शंकर शेवटपर्यंत उभा राहिला. माझ्या कोपऱ्यातून आजवर टॉवेल पडलेला नाही." अभिमानानं म्हणाला हो! अक्का तेव्हा त्याच्या पानाजवळची खरकटी भांडी उचलत होती. तिनं मान वर केली, त्याच्याकडं नीट बघून घेतलं, जसं बाजारात आपण एखादं भांडं बघून ठेवतो, पुढं कधीतरी न्यायचं म्हणून. आणि आत आली. मला म्हणाली, "सुमे, ह्याच्या हातानं टॉवेल टाकायला लावीन. लोकांदेखत." रडली नाही.

"राग लोणच्यासारखा मुरवावा," असं ती म्हणायची. "ओला हात लावायचा नाही. रडून रागाला ओल आणली की बुरशी धरते." तिनं खरंच कोरडा ठेवला. दाजी गेल्यावरही तिनं हळदीकुंकू सोडलं नव्हतं, रुद्रप्पाच्या घरी हळदीकुंकवाला जायची, त्याची बायको गौरम्मा हिच्याकडं यायची. बायकांचं येणं-जाणं कुठं तुटतं? रुद्रप्पा रस्त्यात भेटला तर "चेन्नागिद्दीरा अक्का?" म्हणून चौकशी करायचा, ही "सरी, सरी" म्हणून हसायची. घरी आल्यावर मात्र चटणी वाटताना वरवंट्याचे जे दणके ऐकू यायचे, त्यावरून गल्लीला कळायचं आज कोण भेटलं होतं.

मुलगा हणमंत बापासारखाच निघाला. हेब्बाळ तळ्याच्या कडेनं पहाटे पळायचा, कारखान्यातून सुटला की तालमीत. मी अक्काला एकदा म्हटलं, "नवरा ज्यात गेला त्यातच पोराला घालतेस?" ती म्हणाली, "मी नाही घातलं. तो गेला. पण गेलाच आहे तर आंधळा जाऊ नये." वाळूतल्या बाहुल्या त्याच्यासाठीच होत्या. दसऱ्याला ती जो व्यूह मांडायची, त्याच व्यूहानं हणमंत पुढची लढत खेळायचा. एका वर्षी वाळूत उजवीकडचे हत्ती फळी फोडून आत शिरले, आणि दिवाळीआधी हणमंतच्या उजव्या हातानं एक दाढीवाला आडवा झाला. तेव्हापासून गल्लीतली पोरं बाहुल्या बघून पैजा लावायची.

तेवढ्यात रुद्रप्पानं आपल्या चेल्यांच्या पैशाच्या लढती सुरू केल्या. के. आर. पुरमला रेल्वे रुळांपलीकडं एक लग्नाचा हॉल होता, मुहूर्त नसतील तेव्हा तिथं दोर बांधायचे. त्याचा लाडका चेला शिवू, गोरागोमटा, नम्र पोरगा, आईबाप नसलेला. रुद्रप्पानंच वाढवलेला, मुलासारखा. दसऱ्यानंतरच्या लढतीत शिवूसमोर हणमंतचं नाव लागलं. लावलं कोणी? अक्कानंच. गौरम्माकडं बसून हळूच म्हणाली होती, "तुमचा शिवू चांगला आहे हो, पण आमच्या हणम्यासमोर स्वल्प कच्चाच." बस, दुसऱ्या दिवशी रुद्रप्पाचा निरोप.

त्या दसऱ्याला अक्कानं वाळूत किल्ला मांडला. मातीचा तट, पुठ्ठ्याचा दरवाजा, आणि दरवाजावर सगळे हत्ती सोडलेले. समोरून थेट धडक. पाचव्या माळेला गौरम्मा आली. कुंकू लावून घेतलं, उसळ खाल्ली, आणि बाहुल्यांपुढं बसली ती बसलीच. हत्ती बघतेय, दरवाजा बघतेय. ती गेल्यावर मी अक्कावर खेकसले, "तुला अक्कल आहे का? ती सगळं घरी जाऊन सांगणार. पडदा तरी टाकायचास!"

अक्का उसळीचा रिकामा द्रोण उचलत म्हणाली, "दारी आलेल्या सवाशिणीला बाहुल्या दाखवू नको म्हणतेस?"

"अगं पण हणम्याचा डाव फुटला ना!"

"तिनं बघावं म्हणूनच मांडलंय. हे हत्ती गौरम्मासाठी आहेत, सुमे. हणम्याला मी वेगळंच सांगितलंय."

मी आपली बघतच राहिले. देवीसमोर मांडलेल्या बाहुल्यांत खोटा व्यूह! "पाप लागेल," मी म्हटलं. "लागू दे," ती म्हणाली, "देवीनं काय राक्षसाला सांगून मारलं होतं?"

लढतीच्या संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. सगळ्या हॉलमध्ये बायका आम्हीच. लग्नाच्या खुर्च्या, वर कुठल्यातरी वधूवरांच्या झेंडूच्या माळा वाळून लटकलेल्या, आणि मधोमध दोर. अक्का नऊवारी नेसून हणमंतच्या कोपऱ्यामागं पहिल्या रांगेत बसली. समोरच्या कोपऱ्यात रुद्रप्पा, खांद्यावर पांढरा टॉवेल. तो त्याच्या खांद्यावर नेहमीच असायचा. उपरणं घ्यावं तसा.

घंटा झाली. शिवू दोन्ही हात तोंडासमोर घट्ट धरून उभा राहिला. त्याला शिकवलं होतं, हणमंत हत्तीसारखा धावून येणार, दरवाजा बंद ठेव, दमला की हाण. हणमंत धावलाच नाही. भोवती फिरत राहिला, नि संधी मिळाली की बरगडीखाली एक. पुन्हा फिरायचं, पुन्हा एक. लोक ओरडले, "काय पिंगा घालतोस काय रे?" अक्का म्हणाली, "ओरडू देत. वेढ्यात आवाज नसतो."

तेव्हा मला उलगडलं. किल्ला फोडायचा नव्हता, वेढायचा होता. तोंडाला हात न लावता पोटाची रसद तोडत राहायची, शिवू उभा तर राहील पण लढू शकणार नाही, आणि ते बघत रुद्रप्पाला कोपऱ्यात उभं राहावं लागेल. दरवाजा किल्लेदारानं स्वतः उघडायचा. हातानं टॉवेल टाकायचा.

निम्म्या फेऱ्या झाल्या तेव्हा शिवूचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्याचे हात खाली आले होते, तोंड उघडं पडलं होतं. हणमंत कोपऱ्यात येऊन बसला, मागं वळून म्हणाला, "अम्मा, संपलाय तो. एक उजवा दिला की झोपेल. देतो."

"नको," अक्का म्हणाली. "वेढा."

"अम्मा, त्याला श्वास घेता येईना."

"त्याच्या उस्तादाला दिसत नाही का?"

मी तिचा दंड धरला. "अक्का, बिनआईबापाचं पोरगं आहे ते. मरेल."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. सबंध लढत ती शिवूकडं बघतच नव्हती. तिचे डोळे रुद्रप्पाच्या खांद्यावर. "किल्लेदाराला सांग जा," ती म्हणाली. "मी नवरा दिलाय ह्या कोपऱ्यात. तेव्हा त्यानं कोणाचं ऐकलं?"

पुढच्या दोन फेऱ्या मी नीट बघितल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मान खाली घालून बसले, मधेच वर बघायची ती फक्त समोरच्या कोपऱ्याकडं. ठोशाचा आवाज यायचा आणि मागून हुंकार. हणमंत आता हलक्या हातानं मारत होता, ते अक्काला कळलं आणि तिचे ओठ आवळले. रुद्रप्पाच्या कपाळावर घाम. त्याचा हात टॉवेलाकडं गेला, थांबला, मिशीवर फिरला. पुन्हा गेला, पुन्हा मिशीवर. लोकांतून कोणीतरी ओरडलंच, "रुद्रप्पा, टाक रे! पोराला मारतोस का?" तो म्हणाला, "अजून एक फेरी."

हेच शब्द. दाजींना म्हटलेले.

आणि मग घंटा झाली, नि शिवू उठला नाही. स्टुलावर बसूनच राहिला. रुद्रप्पानं त्याला काखेत धरून ओढलं, "एळो! ऊठ!" त्या पोरानं तोंडातलं रबराचं दातांचं कवच काढलं, हातात ठेवलं, आणि मान वर न करता म्हणाला, "साकु, गुरुगळे." पुरे झालं, गुरुजी. रुद्रप्पा अजून ओढतोय. शिवू बसलेला. रेफरीनं हणमंतचा हात वर केला तरी कोणी टाळी वाजवली नाही, सगळे रुद्रप्पाकडं बघत होते.

गर्दी पांगल्यावर तो आमच्याकडं आला. टॉवेल खांद्यावर तसाच. म्हणाला, "अक्का, टाकला नाही मी."

अक्का उठून उभी राहिली. पदर खोचला. "नाही टाकलास म्हणूनच तुझं पोरगं बसून राहिलं. टाकला असतास तर हरला असता, पण तुझाच राहिला असता."

त्यानं टॉवेल खांद्यावर नीट केला आणि निघून गेला.

घरी आलो. दारात चपला काढताना हणमंत म्हणाला, "अम्मा, मला त्याला लवकर झोपवू दिलं असतंस तर तो लवकर बरा झाला असता. तू मला मारायला शिकवलंस, आणि मग हाल करायला लावलंस." अक्का म्हणाली, "हो." एवढंच. माफी मागणं तिला कधी आलंच नाही. हणमंत पुढं पैशाची लढत खेळला नाही. आणि अक्काचंही समाधान झालं नव्हतं. पानावर बसून स्वतःशीच म्हणायची, "टॉवेल पडायला हवा होता."

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. छे! पुढच्या आठवड्यात शिवू दारात उभा. हणमंतला भेटायला आला होता, बरगड्या धरून. मी म्हटलं आता अक्का दार लावणार. तिनं त्याला पाटावर बसवलं, नाचणीची आंबील दिली, वर तूप. "शत्रूचा सरदार आपण होऊन आला तर त्याला मानाचं पान वाढायचं," मला हळूच म्हणाली. कणवेनं वाढत होती की डावानं, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. शिवू राहिला. मग रुद्रप्पाचा दुसरा चेला आला, मग तिसरा. हणमंत नि शिवूनं हेब्बाळला छोटा वर्ग काढला. तिथं पोरांना ठोसा नंतर शिकवतात, टॉवेल कधी टाकायचा ते आधी. रुद्रप्पाची तालीम ओस पडत गेली. अक्का भाजीला मुद्दाम त्याच रस्त्यानं जायची, लांब पडलं तरी. येऊन मला सांगायची, "आज आत दिवा नव्हता." जिलबी खाल्ल्यासारखा चेहरा व्हायचा तिचा. मला आवडायचं नाही ते. पण दाजींची बटणं लावताना मी तिला बघितलं होतं.

मग एके दिवशी दुपारी शिवू सांगत आला, रुद्रप्पा गेला. गौरम्मा आधीच गेली होती. अक्का माझ्याकडं शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, "जवळ कोण होतं?" शिवू म्हणाला, "मी. आणि हणमंतण्णा." अक्कानं टोपली बाजूला ठेवली, उठली, आणि माझ्या न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. आत तांब्यांचा आवाज. आम्ही दोघं बाहेर एकमेकांकडं बघतोय. ओल्या लुगड्यानिशी बाहेर आली.

मी म्हटलं, "अक्का, ना नात्याचा ना गोत्याचा. सुतक कसलं धरतेस त्याचं?"

"एवढी वर्षं रोज सकाळी डोळा उघडला की पहिला त्याचा विचार, सुमे. ह्यांचासुद्धा एवढा केला नसेल. त्याचं सुतक मी नाही धरायचं तर कोणी धरायचं?"

"म्हणजे माफ केलंस त्याला?"

तिनं केस पुढं घेतले आणि दोन्ही हातांनी पिळले.

"सुतक धरलंय," ती म्हणाली. "माफ नाही केलेलं."